"सर्टिफिकेट मिळेल ना?" "हो सर, शंभर टक्के"

कोल्हापुरात एका सी.ए.च्या ऑफिसात मी २२ वर्षं काम करतोय. लोकांची बिलं तपासणं हा पोटापाण्याचा धंदा. जीएसटी नंबरात एक आकडा इकडचा तिकडे झाला, दोन वेगळ्या दुकानांच्या पावत्या एकाच हस्ताक्षरात निघाल्या, तर सहसा माझ्या नजरेतून सुटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हसायला सोपं जाईल.

पोहायला मी पंचगंगेत शिकलो. म्हणजे थोरल्या भावानं घाटावरून ढकललं आणि मी कसाबसा वर आलो. समुद्राच्या पोटात जायचं, म्हणजे पाठीवर सिलिंडर बांधून स्कूबा डायव्हिंग करायचं वेड मात्र मालवणनं लावलं. डिसेंबरात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोटीतून उतरलो, एकानं मागून धरलं, दहाएक मिनिटं खाली राहिलो. बोटीत बसायच्या आधीच तिथला माणूस म्हणाला होता, "आज पाणी गढूळ आसा, लांबचा काय दिसाचा नाय." तसंच झालं, पण जे दिसलं त्यानं झोप उडाली. आता दुसऱ्यानं धरून नाही, आपलं आपण जायचं, रीतसर शिकायचं, असं ठरवलं. बायकोही तयार झाली.

मग ठिकाण शोधायला लागलो, आणि तिथूनच गाडी रुळावरून घसरली. नवशिक्याला पाणी उबदार हवं, एवढं कुठंतरी वाचलं होतं. ते बरोबरच आहे, कुडकुडत कोण शिकणार? पण आपल्याकडं हा प्रश्नच येत नाही. मालवण घ्या, गोव्याचं ग्रँड आयलंड घ्या नाहीतर अंदमान, डायव्हिंगच्या दिवसांत पाणी साधारण २७ ते ३० अंश असतं. फरक पडतो तो पाण्यात किती लांबचं दिसतं यानं. गोवा-मालवणात बऱ्याचदा चार-सहा मीटरच्या पुढं धूसर होतं. कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट त्यापेक्षा बरं. अंदमानातला हॅवलॉक, ज्याचं आता स्वराज द्वीप झालंय, तो आणखी बरा. बाहेर जायचं तर थायलंडचं कोह ताओ. तिथं नवशिक्यांना शिकवणं हाच बेटाचा मोठा धंदा आहे. आईंना सेल्युलर जेल बघायचं होतं, म्हणून अंदमान पक्कं झालं. (शेवटी गुडघ्यांमुळं आई आल्याच नाहीत. तो भाग वेगळा.)

याच सुमाराला मोबाइलवर ते कासव आलं. निळंशार पाणी, कॅमेऱ्याकडं बघणारं भलंमोठं कासव, कवचावर डाव्या बाजूला पांढरट ओरखडा. खाली अक्षरं: "अंदमानात सर्टिफाइड डायव्हर बना! ४ रात्री ५ दिवस, माणशी ३८,५०० (विमान वगळून)". नंबर दिला होता. मी मेसेज टाकला. दोन मिनिटांत उत्तर: "नमस्कार सर!"

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या तारखा दिल्या, कारण त्याच तारखांना "स्पेशल डिस्काउंट" होता. आता मला सांगा, "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी दरवर्षी कधी छापून येते? मे महिन्यात! केरळात यायच्या आधी तो तिथं पोचतो, हे आपल्याकडं शाळकरी पोराला ठाऊक असतं. मी ती बातमी ऑफिसात चहा पिता पिता वाचली, "चला, यंदा वेळेवर आला" म्हणालो आणि दुपारी उरलेली रक्कम यूपीआयनं पाठवून दिली. दोन गोष्टी डोक्यात एकत्र आल्याच नाहीत. पैसे घेणारं नाव कुठल्या कंपनीचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. बिल मागितलं नाही. मी!

कार्यक्रम असा होता. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर आणि जेल. दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉक, संध्याकाळी राधानगर बीच. तिसऱ्या दिवशी "सकाळी स्कूबा, दुपारी मोकळा वेळ". चौथ्या दिवशी परत, पाचव्या दिवशी विमान. या कागदावर मी स्वतः पेन्सिलनं टिकमार्क केले होते, ऑफिसात करतो तसे.

तिसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. एजंटानं पाठवलेला एक पोरगा आम्हाला डायव्हिंगच्या दुकानात घेऊन गेला आणि हातात फॉर्म दिला. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, रक्तदाबाची औषधं घेता का, असे प्रश्न. बायकोनं मला कोपर मारलं. "अहो, मला गोळी चालू आहे, हो लिहू ना?" पोरगा म्हणाला, "मॅडम, एक जरी हो आलं तर डॉक्टरचं पत्र लागतं. पैसे फुकट जातील. सगळीकडं नो करा." तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. पैशाच्या फसवणुकीचं मी हसत सांगू शकतो, पण ती मान डोलावली हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

पुढचं सगळं छान झालं, तीच तर गंमत आहे. कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास तोंडानं श्वास घ्यायला, नाक दाबून कान मोकळे करायला, हातवारे करायला शिकवलं. मग प्रत्येकाला एकेक प्रशिक्षक, आणि पंचवीस मिनिटं सहा-सात मीटर खोल. प्रशिक्षकाचा हात पूर्ण वेळ माझ्या पाठीवरच्या सिलिंडरला. मासे दिसले, प्रवाळ दिसलं, कासव काही दिसलं नाही. व्हिडिओचे अडीच हजार वेगळे. दुपारी त्या पोरानं हॉटेलवर सोनेरी नक्षीच्या किनारीची, लॅमिनेशन केलेली दोन सर्टिफिकेटं आणून दिली. आडनावात काना राहिला होता. स्टेटसला फोटो टाकला, "भावा, नाद खुळा!" असे तीसेक रिप्लाय आले.

फुगा फुटला तो जानेवारीत, मुरुडेश्वरला. नेत्राणीसाठी मी शिकलेल्या माणसांच्या दरानं दोन डाइव्ह सांगितले होते. काउंटरवरच्या प्रशिक्षकानं कोर्स झाल्याचं कार्ड मागितलं. मी प्लास्टिकच्या फोल्डरमधून ते लॅमिनेशन काढलं. त्यानं पुढून बघितलं, उलटं करून मागचा कोरा भाग बघितला, मग मला हिंदीत विचारलं, लॉगबुक, म्हणजे केलेल्या डाइव्हची नोंदवही, आहे? नाही. पाण्याखाली मास्क पूर्ण काढून परत घातला होता? नाही. जोडीदाराच्या जास्तीच्या नळीतून श्वास घेतला होता? नाही. २०० मीटर पोहून, दहा मिनिटं तरंगून दाखवलं होतं? नाही. बिचारा हसला नाही. म्हणाला, "सर, ये सिर्फ ट्राय डाइव्ह है." म्हणजे प्रशिक्षकानं धरून दिलेली नुसती चव, कोर्स नव्हे. बायको म्हणाली, "मग आपण तिथं केलं काय नेमकं?"

त्या रात्री लॉजवर मी अंदमानचं सगळं संभाषण पहिल्यापासून वाचून काढलं. मी लिहिलं होतं, "ओपन वॉटरचं सर्टिफिकेट मिळेल ना?" (ओपन वॉटर म्हणजे आपलं आपण डायव्हिंग करायला शिकवणारा पहिला रीतसर कोर्स.) उत्तर: "हो सर, शंभर टक्के सर्टिफिकेट मिळेल." मी: "हा कोर्स किती दिवसांचा?" तो: "पॅकेज ५ दिवसांचं आहे सर." मी: "प्रशिक्षक पॅडीचा आहे का?" (पॅडी ही डायव्हिंग शिकवून कार्ड देणारी संस्था.) तो: "सगळे अनुभवी आहेत सर, निश्चिंत राहा." दर वेळी माझ्या प्रश्नातला एक शब्द गळलेला. जो शब्द कामाचा, नेमका तोच. सर्टिफिकेट तर मिळालंच की. त्यावर बारीक अक्षरांत स्कूबाचा अनुभव घेतल्याबद्दल असं छापलंही होतं. गिऱ्हाइकाच्या पत्रात अशी पळवाट असती तर मी लाल पेनानं गोल केला असता.

मग व्हिडिओ लावला. सुरुवातीला आम्ही दुकानाबाहेर सूट चढवतोय, पाठीमागं दरफलक. थांबवून मोठं करून बघितलं. वर "ट्राय डाइव्ह", खाली वेगळ्या ओळीत "ओपन वॉटर कोर्स, ४ दिवस". पुरावा अडीच हजार देऊन मी स्वतःच विकत घेतला होता आणि आठ महिने पाहुण्यांना दाखवत होतो. दुकानाचा यात दोष नव्हता. एजंटानं त्यांच्याकडून दोन ट्राय डाइव्ह घेतले आणि मला कोर्स म्हणून विकले, एवढाच व्यवहार.

एजंटाला फोन केला. "सर, बघतो," म्हणाला आणि नंबर ब्लॉक. ती जाहिरात पानावरून गायब झालेली, आणि तिचा स्क्रीनशॉट मी काढलेला नव्हता. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, त्याची कागदपत्रं जुळवतोय. पण बिल नाही, पैसे भलत्याच नावावर, आणि "कोर्स" हा शब्द त्याच्या बाजूनं एकदाही लिहिलेला नाही. माझ्यासमोर कुणी अशी फाइल घेऊन आला असता तर मी काय म्हणालो असतो ते मला ठाऊक आहे.

कोर्स शेवटी केला. पुढच्या फेब्रुवारीत, हॅवलॉकलाच, थेट तिथल्या डायव्हिंग सेंटरशी बोलून. चार दिवस लागले. आधी घरी बसून अभ्यास आणि परीक्षा, मग उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, शेवटचा १८ मीटरच्या आत. वर विमानाच्या आधी १८ तास कोरडे राहायचे. हा हिशेब कुठल्याही "सकाळी स्कूबा, दुपारी मोकळा वेळ"मध्ये बसत नाही. पेन्सिल हातात होती, बेरीज तेवढी केली नाही. बायकोनं फॉर्मवर खरं लिहिलं. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब नीट ताब्यात येईपर्यंत सही करायची नाही म्हणून सांगितलं, ती किनाऱ्यावर छत्रीखाली बसली.

दुसऱ्या दिवशी उथळ पाण्यात मास्क काढायची वेळ आली. डोळ्यांत-नाकात खारं पाणी, समोर सगळं पुसट, आणि पंचगंगेत वाढलेला मी तडक उभा राहिलो. पाणी छातीएवढंच होतं म्हणून उभा राहता आलं. सात वेळा केल्यावर जमलं. आठव्या वेळी वर येऊन मला नेत्राणी आठवलं. तिथल्या माणसानं कार्ड न बघता शिकलेल्यांच्या गटात सोडलं असतं आणि खाली कुणाची लाथ लागून मास्क निघाला असता, तर पायाखाली वाळू नव्हती.

तेव्हा कुणाला शिकायचंच असेल तर समुद्र कितीही निळा दिसो, आधी एकच वाक्य लिहून घ्या: ओपन वॉटर कोर्स, अमुक संस्थेचा, प्रशिक्षकाचा नंबर हा, दिवस इतके. समोरच्यानं तेच शब्द परत लिहून दिले पाहिजेत. प्रशिक्षकाचा नंबर संस्थेकडं तपासता येतो, आणि कोर्स झाल्यावर तुमच्या नावाचं कार्डही तिथं दिसतं. नुसतं सर्टिफिकेट काय, झेरॉक्सच्या दुकानातही मिळतं. महिना बघा. अंदमानला नोव्हेंबर ते एप्रिल बरा. पावसाळ्यातच सुट्टी असेल तर तेव्हा कोह ताओचं पाणी चांगलं असतं. आणि नुसती चव घ्यायची असेल तर मालवण झकास आहे. ट्राय डाइव्ह म्हणून विकला आणि ट्राय डाइव्ह म्हणूनच घेतला तर त्यात वाईट काहीच नाही.

गेल्या आठवड्यात मोबाइलवर एक नवीन पान दिसलं. नाव वेगळं, नंबर वेगळा. "लक्षद्वीपमध्ये सर्टिफाइड डायव्हर बना!" निळंशार पाणी, आणि कॅमेऱ्याकडं बघणारं कासव. बोटांनी फोटो मोठा केला. कवचावर डाव्या बाजूला पांढरट ओरखडा. मुलीच्या मोबाइलवरून मेसेज टाकला, "हा ओपन वॉटर कोर्स आहे का?"

दोन मिनिटांत उत्तर आलं. "नमस्कार मॅडम! हो, शंभर टक्के सर्टिफिकेट मिळेल."

या वेळी स्क्रीनशॉट काढला.