गरम पाण्याचा हीटर की एक्झॉस्टचा? एमजीबी आणि एअर-कूल्ड ९११

जुनी स्पोर्ट्स कार घेणारा माणूस बॉनेट उघडतो, खाली वाकून गंज शोधतो, गिअर टाकून पाहतो. हीटरच्या कळीला मात्र सहसा हातही लावत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना अशी गाडी नोव्हेंबर ते मार्च या काळातही रस्त्यावर काढायची आहे, त्यांना हा विसर महागात पडतो, कारण तिथल्या ओल्या हवेत समोरची काच आतून धुरकट झाली की गाडी बाजूला घेण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून येथे केवळ हीटर आणि हवेशीरपणा यांच्या देखभालीच्या बाजूने दोन गाड्या शेजारी ठेवल्या आहेत: इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार एमजीबी आणि १९९८ पर्यंत हवेनेच थंड होणारे इंजिन वापरणारी पोर्शे ९११. किमतीत दोघींमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे मान्य; पण एक गाडी पाण्यातून ऊब घेते आणि दुसरी एक्झॉस्टमधून. एमजीबीबद्दल जे कळेल ते त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांना लागू पडेल, आणि ९११ चे तत्त्व जुन्या फोक्सवॅगन बीटललाही.

एमजीबीची रचना सरळ आहे. सिलिंडर हेडवर बसवलेल्या व्हॉल्व्हमधून गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) निघते, बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर बसवलेल्या पेटीतील हीटर कोअरमधून, म्हणजे बारीक नळ्यांच्या छोट्या रेडिएटरमधून, फिरते आणि परत येते. काचेपुढच्या जाळीतून आलेली हवा त्या कोअरमधून जाऊन पायांकडे आणि काचेकडे वळते. दोष कुठे येतात तेही ठरलेले आहे: व्हॉल्व्हची केबल अडकते, व्हॉल्व्हचे गॅस्केट पाझरते, कोअरमध्ये गाळ साठतो आणि हवा वळवणाऱ्या फ्लॅपवरचा (झडपेवरचा) फोम पन्नास वर्षांनी बोटाने चोळताच काळ्या भुकटीसारखा गळून पडतो. या फोमकडे फार दुर्लक्ष होते. कोअर चटका बसेल इतका तापलेला असतानाही आत कोमट वारा येत असेल, तर बहुधा हवा कोअरला वळसा घालून फटींतून निसटत असते, आणि अशा वेळी नवा कोअर बसवून पैसे वाया जातात.

पेटीला हात लावण्याआधी थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, पाहावा. या इंजिनासाठी ७४, ८२ आणि ८८ अंश सेल्सिअसचे थर्मोस्टॅट मिळतात. उन्हाळ्यासाठी घातलेला ७४ चा तसाच राहिला असेल तर डिसेंबरात हीटर कोमटच राहणार. त्यानंतर कोअरचे दोन्ही होज सोडून बागेच्या नळीने उलट दिशेने पाणी सोडावे. तपकिरी पाणी निवळून स्वच्छ होईपर्यंत सोडत राहावे. एवढ्याने भागले नाही तरच पेटी काढावी, कारण ती काढणे हे या गाडीवरचे सर्वांत कुप्रसिद्ध काम आहे. कारखान्यात आधी हीटर टांगून मग त्याभोवती गाडी बांधली, असा विनोद मालकांमध्ये चालतो. पहिल्यांदा हे काम करताना डॅशखालून काचेकडे जाणाऱ्या नळ्या उपसायचे मी विसरलो आणि पेटी का हलत नाही म्हणून अर्धा तास ओढत बसलो; बोटांची सालटी निघाली ती वेगळीच. यातून घेण्यासारखे एवढेच की एकदा पेटी बाहेर आली की कोअर, फोम, ब्लोअरची मोटर आणि होज हे सारे त्याच वेळी करून घ्यावे. सुटे भाग सहज मिळतात आणि घरी काम करणाऱ्याला शनिवार-रविवार पुरतो.

९११ मध्ये पाणीच नाही. इंजिनाचा पंखा हवा ढकलतो, तिचा काही भाग एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या आवरणातून, म्हणजे हीट एक्स्चेंजरमधून, जातो आणि फ्लॅप उघडे असतील तर दारांखालच्या सिलमधून (पोकळ कडेतून) पुढे पोहोचतो. कोअर फुटून गालिचा भिजण्याची भीती नाही, कूलंट बदलण्याचे काम नाही. मात्र ऊब इंजिनाच्या वेगावर अवलंबून राहते: रहदारीत पाय गार पडतात, महामार्गावर भाजून निघतात आणि हात सतत कळीवर राहतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तापमान आपोआप राखणारी व्यवस्था आणि मदतीचा विजेवर चालणारा ब्लोअर आला. त्याने सोय वाढली, तसे बिघडणारे भागही वाढले.

खरा फरक बिघाडाच्या स्वरूपात आहे. एमजीबीचा कोअर फुटला तर गोडसर वास येतो, काचेवर चिकट वाफ बसते आणि पायाखाली ओल जाणवते. त्रास होतो, पण तो लपत नाही. ९११ चा एक्स्चेंजर आतून गंजला तर एक्झॉस्टचा वायू थेट केबिनमध्ये येऊ शकतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. इंजिनावरच्या तेल परतीच्या नळ्या पाझरल्या की तेल तापलेल्या एक्स्चेंजरवर पडून जळते आणि तो वास आत येतो. असा वास ‘जुन्या गाडीचा सुगंध’ म्हणून खपवणारे विक्रेते भेटतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. एक्स्चेंजर बदलताना तो इंजिनाला धरून ठेवणारे गंजलेले स्टड (बोल्ट) तुटतात, आणि मग काम वर्कशॉपकडे व बिल भलतीकडे जाते. स्टेनलेस स्टीलचे एक्स्चेंजर मिळतात आणि ते दीर्घकाळ टिकतात, पण त्यांची किंमत गाडी घेतानाच हिशेबात धरावी. काही मालकांनी वजन कमी करण्यासाठी एक्स्चेंजर काढून साध्या नळ्या बसवलेल्या असतात; अशा गाडीत कळ असते, ऊब नसते.

हवेशीरपणाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. दोन्ही गाड्यांत काचेपुढून आत येणाऱ्या हवेच्या वाटेत सुकी पाने साठतात. एमजीबीत या वाटेच्या तळाची पाणी जाणारी रबरी नळी तुंबली की पावसाचे पाणी आत उतरते, आणि मालक बिचारा कोअर फुटला असे समजतो. चव घेऊन नव्हे, बोटाला चिकटते का ते पाहून ठरवावे: कूलंट विषारी असते. कूलंट भरताना जुन्या पितळी-तांब्याच्या भागांना चालणारे निळे, पारंपरिक प्रकारचे घ्यावे आणि दर दोन वर्षांनी बदलावे. हीच गाडी महाराष्ट्रात ठेवली असेल तर बोअरवेलचे पाणी घालू नये. क्षार कोअरच्या बारीक नळ्या काही काळातच बंद करतात. तिथे ऊब नको असली तरी पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात काच साफ ठेवायला हीच व्यवस्था लागते.

माझे मत असे की स्वतः पाना हातात घेणाऱ्याने आणि पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याने एमजीबी घ्यावी. त्रास ओळखीचा आहे आणि खर्च मर्यादेत राहतो. ९११ कोणत्याही कारणाने मनात भरली असेल तर सौदा करण्यापूर्वी ती लिफ्टवर चढवून एक्स्चेंजरच्या वेल्डिंगच्या रेषा, फ्लॅपच्या केबल आणि सिलची खालची बाजू पाहून घ्यावी. मग इंजिन पूर्ण तापू द्यावे, खिडक्या बंद कराव्यात, बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेजारच्या सीटवर ठेवावा आणि हीटर पूर्ण उघडून दहा मिनिटे गाडी चालवावी. अलार्म वाजला तर खिडक्या उघडाव्यात, हीटर बंद करावा आणि गाडी विक्रेत्याला परत करावी.