डेकला लावलेलं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ सीलर

४२० चौरस फुटांच्या लाकडी डेकला, म्हणजे घरापुढच्या फळ्यांच्या उघड्या ओट्याला, दोन हात मारायला किती सीलर, म्हणजे लाकडात पाणी शिरू नये म्हणून लावायचं द्रव, लागतं? माझ्याकडून चाळीस लिटरचे पैसे घेतले. घासलेल्या लाकडावर एक लिटर साधारण ऐंशी चौरस फूट तरी जातं. म्हणजे दोन हातांना साडेदहा लिटर, सांडलवंड धरून बारा. तिसरीतल्या पोराला जमेल असा हिशेब आहे, आणि मी बँकेत एकतीस वर्षं कॅशवर बसलेली बाई. तरी मे २०२४ मध्ये तो माझ्या डोक्यात आला नाही, कारण डोक्यात तेव्हा फक्त विहीर होती.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आवारातले दोन साग आणि एक जुना ऐन आडवे झाले. पडलेली झाडं विकायला मन होईना. गिरणीवर नेऊन फळ्या पाडल्या, वर्षभर पडवीत रचून सुकवल्या आणि घरापुढे उतारावर डेक बांधला. दोन खोल्या पाहुण्यांना देतो, ते त्याला डेक म्हणतात. सासूबाई मचाण म्हणतात. मचाणाच्या खालच्या अंगाला, पंधरा पावलांवर विहीर. तिचंच पाणी आम्ही पितो, पाहुणेही पितात. त्यामुळे डेकवर जे काही लावू ते पावसाबरोबर कुठे जाणार हे उघड होतं.

पहिली दोन वर्षं आमचे सुतारदादा दर दिवाळीनंतर बेलतेल, म्हणजे जवसाचं उकळलेलं तेल, लावायचे. तिसऱ्या वर्षी लाकूड राखाडी दिसायला लागलं. पाहुण्यांच्या फोटोत ते बरं दिसत नाही असं लेकीचं म्हणणं पडलं. त्याच सुमारास कृषी पर्यटनाच्या एका प्रदर्शनात तो माणूस भेटला. नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही, प्रकरण चालू आहे.

त्याची बोलायची पद्धत सांगते, कारण कंपनीचं नाव उद्या बदलेल, पद्धत बदलणार नाही. त्याने आधी काही विकलंच नाही. घर कुठे, डेक केवढा, पाणी कुठलं, असं विचारत गेला. विहीर म्हटल्यावर थांबला. “काकू, मग तर तुम्ही बाजारातलं काहीच लावू नका. सगळी केमिकलं आहेत. विहिरीत उतरतात.” मग एक फळीचा तुकडा काढून त्यावर पाणी ओतलं. अळवाच्या पानावरून ओघळावं तसं पाणी ओघळून गेलं. डब्यात बोट बुडवून त्याने ते जिभेला लावलं. “लहान मुलाने चाटलं तरी काही नाही. निव्वळ वनस्पतींची तेलं. रंग नाही, वास नाही, दहा वर्षं लाकूड असंच सोनेरी राहणार. लेखी वॉरंटी.”

तो फळीचा तुकडा त्याचा होता, डबाही त्याचाच. नुसतं मेण चोळलेल्या फळीवरूनही पाणी असंच ओघळतं. चाटलेल्या डब्यात काय होतं आणि माझ्या दारात आलेल्या डब्यांत काय होतं, याचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असंही नाही.

दर ठरला लिटरला १,४५०. चाळीस लिटरचे ५८,०००, मजुरी चौरस फुटाला ४५ प्रमाणे १८,९००. एकूण ७६,९००. पन्नास हजार आगाऊ, तेही कंपनीच्या खात्यावर नाही, ‘साहेबांच्या’ मोबाइल नंबरवर. बिल मागितलं तर छापील कोटेशन मिळालं. त्यावर पान, थेंब आणि पृथ्वीचा गोळा होता, जीएसटी नंबर नव्हता. बँकेत असताना असा कागद कुणी माझ्या खिडकीत सरकवला असता तर मी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं असतं.

२५ मेला दोन पोरं आली. दुपारी प्रेशरच्या पाण्याने डेक धुतला, दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिश पेपरने घासून काचेसारखा गुळगुळीत केला आणि अकरा वाजता पहिला हात सुरू. त्या दिवशी मला तीन गोष्टी खटकल्या होत्या. तिन्ही मी गिळल्या.

पहिली, लाकूड ओलं होतं. धुतलेल्या फळ्या मेच्या दमट हवेत एका रात्रीत सुकत नाहीत. दोन-तीन कडक उन्हं द्यावी लागतात. दुसरी, वास. माझे वडील दर वर्षी दारं-खिडक्यांना बेलतेल द्यायचे, तो वास मी डोळे मिटून ओळखते. हा वास पेट्रोल पंपावरचा होता. पोरगा म्हणाला, “जवसाचा ओरिजिनल वास आहे, काकू.” बरं, चाटण्याच्या दिवशी तर वासच नव्हता! तिसरी गोष्ट म्हणजे डबे. चार-चार लिटरचे दहा डबे आले होते. त्यातले चारच फोडले. उरलेले संध्याकाळी गाडीत परत गेले. “स्टोअरला जमा करतो, बिलात वजा होतील.” त्या दिवशी पुण्याचे सहा पाहुणे होते, मी आंबोळ्या घालत होते. उरलेले पैसेही संध्याकाळीच चुकते केले. वजा काहीच झालं नाही.

आणखी एक, जे मी पाहिलंच नाही. पोरांनी ब्रश आणि भांडी विहिरीच्या कट्ट्यापाशी धुतली.

पाऊस लागला. चार-पाच दिवसांनी सासूबाईंनी हाक मारली. कळशीतल्या पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगत होतं. पंप लावून विहीर दोनदा उपसली. तीन आठवडे शेजारच्यांच्या विहिरीवरून पाणी आणलं आणि आलेल्या पाहुण्यांना बाटल्या विकत आणून दिल्या. ज्या विहिरीसाठी एवढं महागाचं लावलं तिचीच ही गत. अजूनही हे लिहिताना हात थरथरतो.

जुलैत डेकवर पांढरे फोड आले. श्रावणात पापुद्रे सुटायला लागले, सापाने कात टाकावी तसे. खाली काळी बुरशी. आमचे यजमान सकाळी फुलं काढायला गेले ते घसरून बसले. नशीब, मनगट मुरगळण्यावर भागलं.

सुतारदादांना बोलावलं. ते थोडे रुसलेले होते, त्यांना डावलून मी शहरातला माणूस आणला होता. त्यांनी अंगठ्याच्या नखाने एक पापुद्रा उचलला, वितभर निघाला. “वहिनी, तेल नाय हे. तेल कधी सोलून निघतं काय?”

सगळी गोम या एका वाक्यात आहे. तेल लाकडात मुरतं. ते उडतं, फिकं पडतं, पण त्याची साल निघत नाही. साल निघते वार्निशची, कारण वार्निश लाकडावर थर धरून बसतं. ओल्या लाकडावर असा थर दिला की आतली वाफ त्याला खालून ढकलते आणि फोड येतात. शिवाय पोरांनी लाकूड इतकं गुळगुळीत केलं होतं की धरायला काही उरलंच नव्हतं. सुतारदादा म्हणाले, उघड्यावरच्या फळीला ऐंशी नंबरच्या पेपरवर थांबायचं, कपाटासारखी चमक आणायची नाही.

दहा वर्षं सोनेरी राहण्याचं सांगायचं, तर ते बिनरंगी सीलरला जमतच नाही. लाकूड राखाडी होतं ते उन्हामुळे. ऊन वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ, फोडतं आणि पाऊस ते धुऊन नेतो. पारदर्शक थरातून ऊन बरंचसं आरपार जातं. त्याला अडवायला रंगकण लागतात, म्हणून उघड्यावरच्या लाकडाला किंचित रंग असलेलं स्टेन देतात, आणि तेही वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा. आणि राखाडी झालेलं लाकूड कुजलेलं नसतं. आमचा डेक मुळात आजारीच नव्हता. मी निरोगी माणसाला औषध दिलं.

डब्यांचं गुपित मात्र पावसाने फोडलं. रिकाम्या डब्यांपैकी तीन मी ठेवून घेतले होते, कोकणात डबा कोण टाकतं? एकात अबोली लावली होती. सप्टेंबरात तिला पाणी घालताना दिसलं की हिरव्या पानाचं लेबल भिजून लोंबतंय. ओढलं तर खाली दुसरं लेबल. साधं, दुकानात मिळणारं क्लिअर वार्निश. बाजूला ज्वालेचं चिन्ह आणि बारीक अक्षरात सूचना, फक्त घरातल्या लाकडासाठी. वरच्या लेबलवर ‘इको’ हा शब्द मी मोजला, सहा ठिकाणी होता. आत काय आहे हे एकाही ठिकाणी नव्हतं. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, कमाल किंमत नाही. डबाबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावरही असतं.

फोन केला तर आधी “समुद्राची हवा खारी आहे”, मग “तुम्ही डेकवर पाणी साचू दिलंत”, मग वॉरंटीच्या कागदावरची ओळ दाखवली, ‘अयोग्य वापरास लागू नाही’. पावसात भिजणं हा डेकचा अयोग्य वापर. ऑक्टोबरात नंबर बंद.

तेव्हापासून मी वाचत बसले आहे, त्यातलं उपयोगी तेवढं सांगते. ‘नैसर्गिक’ या शब्दाला भुलू नका, मी त्यालाच भुलले. काजूच्या टरफलाचं तेल आमच्याकडे वाशांना लावत, वाळवी फिरकत नाही. अस्सल नैसर्गिक आहे, आणि हाताला लागलं तर बिब्ब्यासारखं उततं. बेलतेलही साधं नाही. दुकानातल्या ‘उकळलेल्या’ तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, आणि कोकणच्या दमट हवेत त्यावर बुरशी आनंदाने पोसते. त्यात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेतात. ती पसरून वाळवायची नाही तर पाण्यात बुडवून ठेवायची. हे मला वडिलांनी शिकवलं होतं, कुठल्या पत्रकाने नाही.

विक्रेत्याकडे सेफ्टी डेटा शीट मागा. खरी कंपनी ती बिनतक्रार देते, त्यात द्रावक कोणता, पेट घेतो का, पाण्यातल्या जिवांना काय होतं हे लिहिलेलं असतं. सरकारचं इकोमार्क १९९१पासून आहे, त्याचं चिन्ह मातीचा घडा. हिरवं पान कुणीही छापतं. नमुना त्याच्या तुकड्यावर बघू नका. आपल्या डेकच्या कोपऱ्यातल्या फळीवर, आपल्या हाताने फोडलेल्या डब्यातून लावा आणि एक पाऊस जाऊ द्या. हो, एक आख्खा पावसाळा. आमच्यासारखी मेच्या शेवटच्या आठवड्यात घाई करू नका. माल दुकानातून स्वतः आणा, मजुरी वेगळी द्या, रिकामे डबे मोजून घ्या.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मी फोन केला. तक्रार नोंदली गेली, पण कोटेशनवरच्या पत्त्यावर कुणी सापडलं नाही. पोलिसांत अर्ज देऊन पोच घेतली. भाचा वकील आहे, त्याच्या मदतीने २०२५ मध्ये रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने खोट्या पर्यावरणी दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ‘इको-फ्रेंडली’ म्हणायचं तर पुरावा हवा. आमचा व्यवहार त्याआधीचा. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९चा कायदा तेव्हाही होताच.

भाच्याने एक अडचण आधीच सांगून ठेवली. समोरचा म्हणेल, डेक पाहुण्यांसाठी आहे, म्हणजे व्यापारी कारण, तुम्ही ग्राहकच नाही. त्यावर उत्तर असं की स्वतः राबून पोटासाठी केलेल्या उद्योगाला कायद्यात सूट आहे. आंबोळ्या मीच घालते हे आता आयोगापुढे सिद्ध करायचं आहे. माल प्रयोगशाळेत पाठवायचा झाला तर तो खर्चही आधी आम्हीच भरायचा. तळाशी उरलेलं पावशेर मी काचेच्या बरणीत झाकून ठेवलं होतं, लोणच्याच्या सवयीने. भाचा म्हणतो, तेच उपयोगी पडेल.

सुतारदादा गेल्या हिवाळ्यात पंधरा दिवस डेक खरवडत होते. अजून त्यावर काही लावलेलं नाही, पुन्हा राखाडी व्हायला लागलाय. सासूबाई दुपारी तिथेच बसून फुलं गुंफतात. अबोली मी घमेल्यात हलवली. डबा धुऊन, दोन्ही लेबलांसकट, साड्यांच्या कपाटात ठेवलाय.