ऑक्सिजन सेन्सर: कपलरवाला घ्यावा की वायर जोडायचा?

जुन्या गाडीचा पुढचा, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर (धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजणारा) गेला की दुकानदार दोन डबे पुढ्यात ठेवतो. एकात गाडीच्या मूळ पार्ट नंबरचा, कपलरसकट (वायरींच्या टोकाच्या प्लगसकट) येणारा सेन्सर. दुसऱ्यात चार मोकळ्या वायरींचा युनिव्हर्सल; जुन्याचा कपलर कापून याला जोडायचा. माझ्या २०११च्या पेट्रोल गाडीत मी दोन्ही वापरले. आधी अर्थातच स्वस्तातला.

त्याला उगाच नावं ठेवणार नाही. निम्म्याहून कमी पैशांत आला. दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या (सेन्सर तापवणाऱ्या), काळी सिग्नलची, करडी अर्थिंगची, एवढं जुळवलं की झालं. सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये हवा तसा झरझर खालीवर होऊ लागला आणि फोंडा-पणजी रोजच्या फेऱ्यांत गाडीचं ॲव्हरेजही पूर्ववत झालं. ऑक्टोबर ते मे काही म्हणता काही तक्रार नाही.

मिरग लागला आणि चौथ्या दिवशी बाणस्तारीजवळ चेक इंजिनची लाइट पेटली. कोड पी०१३५, हीटरचं सर्किट. दोन दिवस ऊन पडलं, लाइट गेली. पुन्हा सर आली, पुन्हा हजर. पंधरा दिवस हाच खेळ. शेवटी गाडी वर घेऊन जोडावरची टेप सोडवली, तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. अंगठा फिरवला तर बोटाला भुकटी लागली. कापून नवा जोड दिला. ऑगस्टमध्ये तोही तसाच झाला.

मेस्त्री म्हणाला, "बाब, आता सोल्डरच मारूया." मी नको म्हटलं. झिर्कोनिया या सिरॅमिकचे, म्हणजे माझ्यासारखे, बरेचसे सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच ओढतात. सोल्डर आत ओढलं गेलं की ती वाट बंद, आणि सिग्नल खोटा येऊ लागतो. म्हणजे जोड दाबूनच द्यायचा, वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवायची. असा नीट दिलेला, वर उचलून बांधलेला जोड कदाचित टिकेलही. पण वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गोव्यात गाडीच्या पोटाखाली चार जोड सांभाळायचे, हे मला पटेना.

गणपतीआधी कपलरवाला बसवला. कपलरमध्ये रबरी सील असतं. टक् आवाज झाला, काम संपलं. त्यानंतर दोन पावसाळे गेले, लाइट दिसलेली नाही. हा एका गाडीचा अनुभव आहे, तुमचा वेगळा असू शकतो. मूळ भाग मिळेनासाच झाला असेल, तर युनिव्हर्सलला इलाज नाही. पण मिळत असेल तर वरचे पैसे मी तरी पुन्हा आनंदाने देईन. जुन्या बाजारातला काढीव सेन्सर मात्र दोन्हींपेक्षा वाईट. तो किती जळालाय ते बघून कळत नाही.

काढण्याचा त्रास दोन्हींत सारखाच. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आटे गंजून धरतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सकाळी इंजिन थोडं कोमट करून २२चा पाना लावा. जुना सेन्सर मात्र टाकू नका. दुकानात सोबत न्या आणि त्याच्यावरचा नंबर डब्याशी ताडून मगच पैसे द्या.