ऊलाँगचे आठ महिने: तीन मुलूख, तीन चवी

गेले आठ महिने माझा दुपारचा चहा ऊलाँग आहे. पहिला महिना वाया गेला, कारण सवयीने आधणात पत्ती टाकून उकळत होते आणि कडूजहर पाणी पीत होते. शंभर मिलीच्या झाकणाच्या वाटीत, म्हणजे गायवानमध्ये, पाच ग्रॅम पत्ती, वर कडकडीत पाणी आणि पंधरा-वीस सेकंदांत गाळायचं, हे कळल्यावर खरी चव लागली. तीच पत्ती सहा-सात वेळा चालते.

ऊलाँग हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. सुकवलेली पानं हलवत राहतात, कडा दुखावतात आणि हवा लागून तांबूस होतात. मग ताव देऊन ते थांबवतात. वुयी डोंगरातल्या चहाच्या चोथ्यातलं एक पान मी ताटलीत पसरून पाहिलं: मधोमध हिरवट, कडेने तांबडी किनार.

हा वुयी डोंगर चीनच्या फुजियान प्रांताच्या उत्तर भागात. कड्याकपारीतली झुडपं, कोळशावर भाजलेली लांब पिळदार पानं. घोट गिळल्यावर भिजलेल्या दगडासारखी चव घशात रेंगाळते. 'दा हाँग पाओ' हा चहा इथलाच. एका ऑनलाइन विक्रेत्याने तो मला 'मूळ झाडांचा' म्हणून दुप्पट भावात विकला. कड्यावरच्या त्या सहा मूळ झाडांची तोडणी २००६ पासूनच बंद आहे! चहा बरा होता, फसवणुकीचा राग अजून आहे.

दक्षिण फुजियानमधल्या अन्शीचा 'तिए ग्वान यिन' अगदी वेगळा. घट्ट वळलेल्या गोळ्या वाटीत खड्यांसारख्या वाजतात, वास ताज्या फुलांचा. त्या भागात चहाला 'ते' म्हणतात, इंग्रजी 'टी' त्याच बोलीतून गेला. आपला 'चहा' मात्र इतर चिनी बोलींतल्या 'चा'वरून आला.

तिसरा चीनच्याच ग्वांगडोंग प्रांतातल्या फिनिक्स डोंगरावरचा दानत्सोंग. यातल्या बऱ्याच जाती सुगंधावरून ओळखल्या जातात. माझा 'मी लान श्यांग', म्हणजे मध आणि ऑर्किड. नाव सार्थ आहे, पण दहा सेकंद जास्त राहिला की तुरट होतो.

साठवणीत मोठा फरक दिसला. अन्शीचा वास पाकीट फोडल्यावर दोन महिन्यांत उतरला. तो लहान पाकिटांतच घ्या आणि हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा. वुयीचा डबा कपाटातच होता, तरी भाजल्याचा उग्रपणा जाऊन सहाव्या महिन्यात तो जास्त गोड लागला. पुढची मागणी त्याच डोंगरातल्या 'रौ ग्वेई'ची, पन्नास ग्रॅम.