कर्क्युमिन कॅप्सूल : पाचपैकी दोन तारे

आयुष्य सांगलीत मेडिकल चालवण्यात गेलं, त्यामुळे हळदीच्या पेठेत कोणी हळद ऑनलाइन मागवतंय हे बघून आधी हसू आलं. पुतण्याने वहिनींसाठी मागवली होती. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, केमो चालू. डबा देखणा आहे. समोर ठसठशीत अक्षरांत 'गाठीचा रक्तपुरवठा रोखते' आणि त्याखाली 'संपूर्ण नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत'. कंपनीचं नाव घेत नाही. अशा ढीगभर आहेत आणि मजकूर सगळ्यांचा तोच.

माल खोटा नाही, हे आधी सांगतो. एक कॅप्सूल बशीत फोडली, ओल्या चुन्यात भुकटी मळली, लगेच कुंकवाचा लाल रंग आला. अर्थात त्यातून हळद आहे एवढंच कळतं, अर्क किती ते नाही. लेबलावर 500 मिलिग्रॅम अर्क, त्यात 95 टक्के कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारी द्रव्यं; कर्क्युमिन त्यातलं मुख्य. साध्या हळदीत ते साधारण 3 टक्के धरा, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये पंधरा-सोळा ग्रॅम हळदीचा ऐवज. आमटीतल्या चिमटीचा हिशेब इथे चालत नाही. म्हणून वहिनी म्हणाल्या, "भावजी, हळदच ना, काय बिघडणार?" तेव्हा मी हो म्हटलं नाही.

दाव्याचं मूळ मात्र खरं आहे. 1971 साली बोस्टनचे सर्जन ज्यूडा फोकमन यांनी मांडलं की गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्या फुटाव्यात म्हणून गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते. प्रयोगशाळेत कर्क्युमिन यात अडथळा आणतं, ग्रीन टीमधलं ईजीसीजी नावाचं द्रव्यही. 1999 मध्ये ग्रीन टी पाजलेल्या उंदरांत नव्या वाहिन्या कमी फुटल्याचं प्रसिद्ध झालं होतं.

पण काचेच्या बशीतल्या पेशींवर ओतणं वेगळं आणि गिळणं वेगळं. कर्क्युमिन आतड्यातून धड शोषलं जात नाही आणि जे जातं त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावतं. अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज 8 ग्रॅम देऊन पाहिलं, म्हणजे यातल्या सोळा-सतरा कॅप्सूल. 2008 मध्ये निकाल आला : रक्तात अगदी कमी सापडलं, आणि तपासता आलेल्या 21 जणांपैकी दोघांतच काही परिणाम दिसला.

यावर कंपन्यांचा तोडगा म्हणजे मिरीतलं पिपरीन, इथे 5 मिलिग्रॅम. लेबलावरचं '2000 टक्के जास्त शोषण' बेंगळुरूच्या 1998 च्या अभ्यासातलं, आकडा खरा आहे. फक्त मुळात जवळजवळ काहीच नव्हतं, त्याची ती वीसपट. शिवाय पिपरीन हे साधतं ते औषधांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेलाच आवरून. वहिनींच्या केमोतलं इरिनोटेकॅन हे औषध मोडण्याचं काम शरीरातल्या ज्या एन्झाइमच्या हाती असतं, त्यालाही ते प्रयोगशाळेत रोखतं. मला खटकलं ते इथे. गाठीवर कॅप्सूल चालेल न चालेल, केमोच्या डोसचं गणित बिघडू शकतं. अमेरिकेत हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला इजा झाल्याच्या 10 केसेस एकाच अहवालात नोंदल्या गेल्यात. त्यातल्या काही उत्पादनांत मिरीही होती.

आता 'दुष्परिणाम नाहीत'. वहिनींना बेव्हॅसिझुमॅबचं इंजेक्शनही चालू आहे. रक्तवाहिन्या रोखणारं खरं औषध ते, अमेरिकेत 2004 पासून मान्य. त्याने बीपी वाढतं, रक्तस्राव होऊ शकतो, जखम भरत नाही, म्हणून ऑपरेशनच्या किमान 28 दिवस आधी ते थांबवतात. जखम भरायलाही नव्याच वाहिन्या लागतात ना! मग डब्यावरच्या दोन ओळी एकत्र नांदणार कशा? वाहिन्या रोखत असेल तर सावधगिरीची सूचना हवी, काहीच करत नसेल तर पहिली ओळ काढा. मागे बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' हेही छापलंय.

वहिनींच्या ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, डबा दाखवला. केमो संपेपर्यंत बंद, म्हणाले. भाजीतली हळद चालू ठेवा.

एक तारा पॅकिंगला, एक मालाला. सील फोडल्यामुळे परत घेत नाहीत. कस्टमर केअरला विचारलं, ऑपरेशनच्या किती दिवस आधी थांबवायची? "नॅचरल आहे सर, थांबवायची गरज नाही." हळदीत रंगासाठी शिशाची भेसळ होऊ शकते, म्हणून बॅचचा शिसं तपासल्याचा रिपोर्ट मागितला, तर त्याच जाहिरातीची पीडीएफ आली.