लिबर्टेरियन, डेमोक्रॅट की रिपब्लिकन? पहिल्यांदा मत देणाऱ्या भाच्यासाठी मावशीची तुलना

माझा भाचा गेल्या महिन्यात अमेरिकन सिटिझन झाला. ओथ घेऊन सरळ न्यू जर्सीतल्या एडिसनला माझ्याकडे जेवायला आला आणि वरणभात संपायच्या आत म्हणाला, मावशी, मतदार म्हणून नाव तर नोंदवतोय पण कुणाला मत द्यायचं तेच कळत नाही, लिबर्टेरियन लोकांचं ऐकलं की निम्मं एकदम पटतं आणि निम्म्याची भीती वाटते. मी म्हटलं थांब, नीट लिहून देते. असे बरेच जण आहेत म्हणून इथेच लिहितेय. मी चौदा वर्षं डॉक्टरांच्या ऑफिसमध्ये मेडिकल बिलिंगचं काम करतेय त्यामुळे आरोग्याचा भाग लांबणार आणि बाकीचं पटापट होणार, ते समजून घ्या.

आधी हे लोक कोण ते. पक्ष १९७१ मध्ये कोलोरॅडोत सुरू झाला. विचार असा की दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणूस स्वतःच्या शरीराचं आणि पैशाचं काय करतो यात सरकारने पडू नये. म्हणून टॅक्सच्या बाबतीत ते रिपब्लिकनांच्या पलीकडे जातात आणि गांजा, समलिंगी लग्न अशा विषयांत डेमोक्रॅटांच्या कितीतरी वर्षं आधी पोचलेले असतात. पक्षाचा शिक्का बाजूला ठेवून मी प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारते, तो हा की निवड ज्याची म्हणताय त्याच्या हातात त्या क्षणी खरंच निवड आहे का. खालची सगळी तुलना त्याच प्रश्नावर आहे.

आता दवाखाना. अमेरिकेत उपचाराची किंमत आधी का कळत नाही, याचं लिबर्टेरियन उत्तर मला तिघांमध्ये सगळ्यात खरं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं, कंपन्यांना माणसं तर हवी होती, मग त्यांनी पगाराऐवजी हेल्थ इन्शुरन्स द्यायला सुरुवात केली कारण तो त्या बंधनात येत नव्हता, आणि पुढे १९५४ च्या टॅक्स कायद्याने कंपनीने भरलेला हप्ता करमुक्त हे कायमचं करून टाकलं. झालं, इन्शुरन्स नोकरीला चिकटला तो आजपर्यंत. तुला २०२३ मध्ये ले-ऑफ मिळाला तेव्हा कोब्राचा, म्हणजे नोकरी गेल्यावर तोच इन्शुरन्स चालू ठेवायचा, हप्ता बघून तू मला रात्री फोन केला होतास, आठवतं ना, कंपनी भरायची तो वाटासुद्धा आपल्याच खिशातून. आणि एच-वनवर असलेल्याची तर नोकरी, व्हिसा आणि इन्शुरन्स तिन्ही एकाच दोरीला बांधलेले.

पैसे तिसराच भरतोय म्हटल्यावर किंमत विचारणाराच उरत नाही. मी रोज बघते, एकाच तपासणीचे एका इन्शुरन्सचे वेगळे, दुसऱ्याचे वेगळे आणि रोख देणाऱ्याचे तिसरेच पैसे. माझ्या स्वतःच्या गुडघ्याच्या एमआरआयसाठी मी एका हॉस्पिटलला तीनदा फोन केला, नेमका आकडा कुणीच सांगेना, शेवटी जवळच्या एका छोट्या इमेजिंग सेंटरने फोनवर एका मिनिटात रोखीचा भाव सांगितला आणि तो माझ्या डिडक्टिबलमधून (इन्शुरन्स पैसे द्यायला लागायच्या आधी आपणच भरायची रक्कम) जाणाऱ्या रकमेपेक्षा कमी निघाला. ओक्लाहोमा सिटीतलं एक सर्जरी सेंटर २००९ पासून ऑपरेशनचे सगळे धरून भाव वेबसाइटवर लावतंय, सर्जन, भूल, जागा, सगळं एका आकड्यात. लिबर्टेरियन लोक हेच उदाहरण नेहमी देतात आणि ते खोटं नाहीये. हर्निया, मोतीबिंदू, गुडघा, असल्या गोष्टींना माणसाकडे वेळ असतो, तो चार ठिकाणी विचारू शकतो, तिथे उघडा भाव काम करतो.

डेमोक्रॅटांचं उत्तर वेगळं. १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि गरिबांना सरकारी इन्शुरन्स, आणि २०१० मध्ये ओबामाकेअर, ज्यात जुना आजार आहे म्हणून कुणाला पॉलिसी नाकारता येत नाही, जास्त हप्ता लावता येत नाही आणि मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आईवडलांच्या पॉलिसीत राहू शकतं. रिपब्लिकनांनी २०१७ मध्ये हे रद्द करायचा प्रयत्न केला, सिनेटमध्ये एका मताने फसला, मग त्याच वर्षी टॅक्सच्या कायद्यातून इन्शुरन्स न घेणाऱ्याचा दंड शून्य केला. आपल्या न्यू जर्सीने मात्र २०१९ पासून स्वतःचा दंड लावलाय, तेव्हा इथे राहणाऱ्याने फेडरल दंड गेला म्हणून निश्चिंत राहू नये. लिबर्टेरियन म्हणतात की सक्ती नको, दंड नको, कुठल्याही राज्यातली पॉलिसी कुठेही घेता यावी आणि अजिबात घ्यायची नसेल तर तोही हक्कच.

इथेच माझी गाडी थांबते.

२०११ मध्ये टँपाला रिपब्लिकन उमेदवारांच्या डिबेटमध्ये रॉन पॉल यांना एक प्रश्न विचारला होता. रॉन पॉल म्हणजे स्वतः बाळंतपणाचे डॉक्टर, १९८८ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, प्रॅक्टिसमध्ये मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे न घेणारे. प्रश्न असा की तीस वर्षांचा धडधाकट माणूस, चांगली नोकरी, इन्शुरन्स घेतला नाही आणि अचानक कोमात गेला तर पैसे कुणी भरायचे. ते म्हणाले स्वातंत्र्य म्हणजे स्वतःची जोखीम स्वतः घेणं. मग त्याला मरू द्यायचं का, असं विचारल्यावर ते नाही म्हणाले आणि आधीच्या काळी चर्च, शेजारीपाजारी बघायचे, हॉस्पिटलं कुणाला परत पाठवत नव्हती असं सांगितलं. माणूस प्रामाणिक आहे, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हॉस्पिटलं परत पाठवत होती म्हणूनच तर १९८६ चा कायदा करावा लागला, ज्याने मेडिकेअर घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला पैसे न बघता पेशंट तपासून स्थिर करावाच लागतो. आणि तो कायदा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेला आहे, कुणा समाजवाद्याने नाही.

छातीत कळ आलेला माणूस भाव विचारत फिरत नाही. जन्मतः हृदयाला भोक असलेल्या बाळाने कुठली जोखीम निवडली? टाइप वन डायबिटीसवाल्याला इन्सुलिन महाग वाटलं तर तो पुढच्या महिन्यात घेतो असं म्हणू शकतो का? आपण भारतातून आलेल्यांनी तर दोन्ही बाजू बघितल्यात, लॅबच्या भिंतीवर रेट कार्ड असतं आणि डॉक्टर किती होतील असं सरळ विचारता येतं हेही, आणि डिपॉझिट भरा मग ऍडमिट करतो हे ऐकून अंगठी विकायला धावलेला बापही. बाजार पहिल्या ठिकाणी चांगला आणि दुसऱ्या ठिकाणी क्रूर असतो, आणि लिबर्टेरियन मांडणीत या दोन ठिकाणांत फरकच केलेला नाही, ही माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार. ते सिंगापूरचं नाव घेतात, तिथे १९८४ पासून पगारातून आरोग्यासाठी वेगळी बचत कापतात, लोक स्वतःचे पैसे जपून वापरतात, खर्चही अमेरिकेच्या मानाने फार कमी. खरंय, पण ती बचत सक्तीची आहे आणि हॉस्पिटलातल्या बहुतेक खाटा सरकारी आहेत, हे त्याच वाक्यात सांगायला हवं ना.

तरी पुरवठ्याच्या बाजूला मी परत त्यांच्याकडे झुकते. निम्म्याहून जास्त राज्यांत नवं हॉस्पिटल किंवा मोठं मशीन आणायला गरजेचा दाखला लागतो, आणि सुनावणीत शेजारचं जुनं हॉस्पिटल उभं राहून म्हणू शकतं की यांची गरज नाही. म्हणजे नवी खाणावळ काढायला समोरच्या खाणावळवाल्याची परवानगी! हे न्यूयॉर्कने १९६४ मध्ये सुरू केलं, केंद्राने १९७४ मध्ये सगळ्यांना भाग पाडलं, मग ऐंशीच्या दशकात केंद्राने अंग काढून घेतलं तरी बहुतेक राज्यांनी सोडलं नाही. डॉक्टरांच्या लायसन्सचंही तसंच. पुण्या-मुंबईला एमडी करून पंधरा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाला इथे परीक्षा देऊन परत रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, करावी लागते, जागा मिळाली नाही तर ते ज्ञान वाया, मी अशा दोन बायकांबरोबर काम केलंय, दोघी एमबीबीएस आणि दोघी माझ्यासारख्याच क्लेम भरत बसलेल्या. टेनेसीने २०२३ मध्ये बाहेरच्या अनुभवी डॉक्टरांना रेसिडेन्सी पुन्हा न करता तात्पुरतं लायसन्स द्यायचा कायदा केला, मग इतर राज्यंही त्या वाटेने निघाली. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन तर लायसन्सच नको, खासगी सर्टिफिकेट पुरे, म्हणायचे. तेवढं टोकाला मी जाणार नाही कारण सर्टिफिकेट कुठलं खरं हे बेशुद्ध पेशंट कसं ठरवणार, पण दार किलकिलं करा ही मागणी रास्तच आहे.

औषधांच्या परवानगीत मात्र मी एफडीएच्या, म्हणजे ती परवानगी देणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या, बाजूने. लिबर्टेरियन म्हणतात उशिरामुळे माणसं मरतात, आणि मरणाच्या दारात असलेल्याला प्रयोगातलं औषध मागू द्यावं हे मलाही मान्य, २०१८ मध्ये तसा कायदा झालाही. पण गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड नावाच्या औषधाने युरोपात हजारो बाळं हातपाय अर्धवट घेऊन जन्मली आणि अमेरिका बरीचशी वाचली ती फ्रान्सिस केल्सी नावाच्या एफडीएतल्या बाईने सही करायला नकार दिला म्हणून.

बाकीचे वादाचे मुद्दे. ड्रग्जवर लिबर्टेरियनांची भूमिका सगळ्यात सुसंगत, गुन्हाच नको. गांजाच्या बाबतीत काळ त्यांच्या मागून आला, न्यू जर्सीत २०२० मध्ये लोकांनी मत देऊन मोकळीक दिली, २०२२ च्या एप्रिलपासून दुकानात विक्री. पण कडक ड्रग्जसाठी ओरेगॉन बघ. २०२० मध्ये लोकमताने जवळ बाळगणं गुन्ह्यातून काढलं, त्याच काळात फेंटानिल हे जीवघेणं ड्रग पसरलं, उपचाराची केंद्रं वेळेत उभी राहिली नाहीत आणि २०२४ मध्ये विधिमंडळाने परत गुन्हा केला. पोर्तुगालने २००१ मध्ये जवळपास हेच केलं पण तिथे सोबत सरकारी खर्चाने उपचार होते. व्यसनात अडकलेल्याच्या हातात निवड किती उरते, या प्रश्नाशी लिबर्टेरियन लोक प्रामाणिकपणे भिडत नाहीत असं मला वाटतं. रिपब्लिकनांचं नुसतं तुरुंगात टाका हेही चाललेलं नाही हे पन्नास वर्षांत दिसलंय.

गर्भपातावर त्यांच्यातच फूट आहे. पूर्वी जाहीरनाम्यात होतं की दोन्ही बाजूंनी प्रामाणिक मतं असू शकतात, सरकारने यात पडू नये. २०२२ च्या रीनो अधिवेशनात नव्या गटाने पक्ष ताब्यात घेतला आणि तो परिच्छेदच काढून टाकला, म्हणजे ज्या बाईसाठी हा मुद्दा पहिला आहे तिच्यासाठी त्या जाहीरनाम्यात लेखी काहीच उरलं नाही. डेमोक्रॅट स्पष्ट आहेत, न्यू जर्सीत २०२२ पासून तो हक्क राज्याच्या कायद्यातच आहे. रिपब्लिकन राज्याराज्यांवर सोडा म्हणतात, काही त्याहून कडक.

असाध्य आजारात स्वतःच्या मरणाची वेळ ठरवणं, यात लिबर्टेरियनांचं मला पूर्ण पटतं, ओरेगॉनमध्ये १९९७ पासून आणि आपल्याकडे २०१९ पासून डॉक्टरांच्या देखरेखीत ते शक्य आहे. किडनी विकायला परवानगी द्या म्हणतात तिथे मी अडकते. १९८४ पासून बंदी आहे, नव्वद हजारांच्या आसपास लोक किडनीसाठी यादीत थांबलेत, हे दुःख खरं आहे, पण विकायला कोण येईल ते आपल्याला न सांगता कळतं, आणि कर्जापायी आलेल्याची निवड ही निवडच नाही. बंदुकीवर त्यांच्याशी माझं जमणारच नाही, पुढे जाऊ.

इमिग्रेशनवर मात्र तुला त्यांचं ऐकायला हवं. प्रत्येक देशाला नोकरीच्या ग्रीन कार्डात ७ टक्क्यांची मर्यादा, मग देश भारताएवढा असो की माल्टाएवढा, आणि त्यापायी तू किती वर्षं थांबलास ते तुलाच माहीत. काम द्यायला मालक तयार, काम करायला माणूस तयार, तिसऱ्याने अडवू नये, हे जुनं लिबर्टेरियन म्हणणं इतकं सरळ दोन्ही मोठ्या पक्षांत कुणी बोलत नाही. पण पक्षात आता यावरही भांडण आहे, सीमा बंद करा म्हणणारेही त्यात बसलेत, तेव्हा उमेदवाराचं स्वतःचं मत बघूनच घ्यायचं.

मताचा हिशोब म्हणशील तर गॅरी जॉन्सन यांना २०१६ मध्ये ३.३ टक्के मिळाले, तो त्यांचा उच्चांक, २०२० मध्ये जो जॉर्गेन्सन यांना १.२ आणि २०२४ मध्ये चेस ऑलिव्हर यांना अर्ध्या टक्क्याच्याही आत. मेन आणि अलास्का या राज्यांत पसंतीक्रम देता येतो म्हणून तिथे पहिली पसंती लिबर्टेरियनला देऊन दुसरी मोठ्या पक्षाला ठेवता येते, आपल्याकडे ती सोय नाही. मी स्वतः काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, त्यांना मत देणार नाही कारण जुन्या आजाराचं संरक्षण मला सगळ्यात मोठं वाटतं, पण डॉक्टरांचं लायसन्स आणि तो गरजेचा दाखला हे राज्याचे विषय आहेत, तेव्हा ट्रेंटनला, म्हणजे आपल्या राज्याच्या राजधानीत, बसणाऱ्या असेंब्लीच्या उमेदवारांना, कुठल्याही पक्षाचे असोत, मी हेच दोन प्रश्न ईमेल करते आणि उत्तर आलं की नाही ते लक्षात ठेवते. तुला ग्रीन कार्डची रांग जास्त जाचली असेल तर तुझं वजन वेगळीकडे पडेल, पडू दे.

फक्त एक बघ. तू आता सिटिझन झालास म्हणजे ताईसाठी, म्हणजे तुझ्या आईसाठी, आय-१३० हा नातेवाइकाला बोलवायचा अर्ज भरणारच. ती इथे आली की पाच वर्षं तिला मेडिकेअर विकतसुद्धा मिळणार नाही, तोवर ओबामाकेअरच्या मार्केटप्लेसची पॉलिसी, आणि ती तिच्या डायबिटीससकट मिळते ती २०१० च्या कायद्यामुळे. मत कुणालाही दे पण त्या उमेदवाराला ताईच्या इन्सुलिनचं काय, हे आधी विचार.