नॅमीचा आठ आठवड्यांचा वर्ग: आजारी माणसाच्या घरच्यांसाठी

फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा आमच्या मिरजेकडच्या माणसाला आधी संशय येतो. त्यातून मी न्यू जर्सीत औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. 'फ्री' लिहिलेल्या डबीचे पैसे कुठून तरी वसूल होतच असतात, हे मला रोज दिसतं. म्हणून आधी तेच सांगून टाकते. नॅमी ही मानसिक आजार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणारी अमेरिकन संस्था. तिच्या फॅमिली-टू-फॅमिली वर्गाला फी नाही, पुस्तकाचे पैसे नाहीत, आणि शेवटच्या दिवशी कुणी फॉर्म पुढे करून देणगी मागितली नाही.

आमच्या धाकट्याला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी बायपोलरचं, म्हणजे मन टोकाचं वर-खाली होण्याच्या आजाराचं, निदान झालं. (हे त्याला विचारून लिहिते आहे. 'माझं नाव टाकायचं नाही आणि मला बिचारा करायचं नाही' या दोन अटींवर परवानगी मिळाली.) त्याच्यासाठी डॉक्टर आहे, थेरपिस्ट आहे, गोळ्या आहेत. आम्हाला मात्र रात्री तीन वाजता तो स्वयंपाकघरात फेऱ्या मारायला लागला की काय बोलायचं, हे कुणी सांगत नव्हतं. हा वर्ग नेमका त्यासाठी आहे. आजारी माणूस वर्गात येत नाही. आईबाप, बहीण-भाऊ, नवरा-बायको येतात. आमच्या घरातून मी, आमचे हे आणि थोरली मुलगी असे तिघं गेलो.

आठवड्यातून एक संध्याकाळ, जवळजवळ अडीच तास, असे आठ आठवडे. पूर्वी हाच वर्ग बारा आठवड्यांचा होता म्हणे. आमचा एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणाऱ्या दोघांपैकी एक बाई शाळेची बस चालवतात आणि त्यांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. दुसरे निवृत्त प्लंबर, त्यांच्या बायकोला बायपोलर. डॉक्टर कुणीच नाही. इथे शिकवायला उभं राहायचं तर घरात हा आजार पाहिलेला असावा लागतो, वर प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि मोबदला शून्य. ह्यांना हे पहिल्या दिवशी पटलं नाही. सिव्हिल इंजिनियर आहेत, प्लंबरकडून मेंदूबद्दल ऐकून घ्यायचं म्हणजे त्यांना जडच गेलं. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा मेरीलँडमधला एक अभ्यास सापडला, २०११ साली प्रसिद्ध झालेला, ३१८ लोकांवरचा. काहींना लगेच वर्गात घेतलं, काहींना रांगेत थांबवलं आणि दोघांची तुलना केली. वर्गात बसलेल्यांचा मानसिक ताण कमी झाला, आजाराची माहिती वाढली आणि घरातले प्रश्न सोडवणं त्यांना जास्त जमायला लागलं. आकडा बघितल्यावर हे पुढच्या आठवड्यात आपणहून गाडीत येऊन बसले.

संस्थेचा जन्मही घरच्यांच्याच हातून झालेला आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावात हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन आया भेटल्या, दोघींच्या मुलांना स्किझोफ्रेनिया होता, आणि त्यातून १९७९ साली नॅमी उभी राहिली. त्या काळात मुलाच्या आजाराचं खापर आईच्या वागण्यावर फोडणारे डॉक्टर काही कमी नव्हते. हा वर्ग नंतर, १९९१ च्या सुमाराला, व्हरमाँटमधल्या जॉइस बर्लंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तयार केला. त्यांची बहीण आणि मुलगी दोघीही आजारी होत्या.

आता वर्गातलं सगळ्यात उपयोगी काय, तर माझ्या मते एक तक्ता. घरात असा आजार शिरला की घरचे कोणकोणत्या अवस्थांतून जातात, ते त्यात तीन भागांत मांडलंय. आधी धक्का, नकार आणि 'होईल हो नीट' ही आशा. मग राग, अपराधी वाटणं, दुःख. मग हळूहळू समज, स्वीकार, आणि दुसऱ्यांसाठी काही करावंसं वाटणं. तक्त्यावर कुणी पास-नापास नाही आणि एका घरातली माणसं एकाच वेळी एकाच खणात असतीलच असंही नाही. आमचे हे अजून पहिल्या खणात होते. एक सेमिस्टर विश्रांती घेतली की पोरगा परत कॉलेजला लागेल, असा त्यांचा हिशेब. मी दुसऱ्या खणात: कॉलेजवर, विम्यावर, सासरच्यांवर, सगळ्यांवर चिडलेली. आणि थोरली आमच्या दोघांच्या पुढे कधीच निघून गेली होती. आमच्यातली निम्मी भांडणं कशावरून व्हायची, ते त्या कागदावर दिसलं. तो अजून फ्रिजवर लावलेला आहे.

थोरलीनं तिसऱ्या-चौथ्या वर्गात हात वर करून सरळ विचारलं, आईबाबांनंतर याचं काय? आमच्या घरात हा प्रश्न कधी निघाला नव्हता. आपल्याकडे असं विचारलं की 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून गप्प करतात. शिकवणाऱ्या बाईंनी उत्तर द्यायच्या आधीच शेजारच्या खुर्चीवरच्या एक आजी बोलायला लागल्या. अपंगत्वाची सरकारी मदत, म्हणजे एसएसआय, मिळत असेल तर त्या माणसाच्या नावावर दोन हजार डॉलरच्या वर ठेव असून चालत नाही. मायेपोटी मृत्युपत्रात सगळं मुलाच्या नावानं करून ठेवलं की मदत बंद होऊ शकते. त्यासाठी वेगळा ट्रस्ट करतात, आणि तो करणारे वकील वेगळे असतात. आमच्या धाकट्यावर ती वेळ आलेली नाही, येऊही नये. पण हे मला दुसरीकडे कुठे कळलं असतं? वर्गाच्या फाइलीइतकंच हे खुर्चीशेजारचं ज्ञान मोलाचं आहे, म्हणून मधल्या कॉफीच्या वेळी फोन बघत बसू नका.

दुसरी कामाची गोष्ट गोपनीयतेच्या कायद्याची. मुलगा अठराचा झाला की त्याच्या सहीशिवाय डॉक्टर आईबापाला काही सांगत नाहीत, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. एका हॉस्पिटलात आम्हाला तेवढंच ऐकवून फोन ठेवला होता. वर्गात कळलं की कायदा डॉक्टरला सांगण्यापासून अडवतो, ऐकण्यापासून नाही. तुम्ही एका पानावर लिहून पाठवू शकता: झोप किती, खर्च किती केला, कोणती गोळी कधी बंद केली, मागच्या वेळी काय झालं होतं. एकच पान, तारखेवार, आणि आपली मतं व रडगाणं वगळून. आम्ही तसं पान करून ठेवलंय आणि दर महिन्याला बदलतो.

बोलण्याचा सराव मात्र मराठी माणसाचा घाम काढणारा आहे. समोरचा जे म्हणाला तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं आणि थांबायचं. उपदेश नाही, उपाय नाही. आपल्याकडे प्रेमाचे सगळे प्रकार 'जेवलास का?' या एका प्रश्नात उरकतात, आणि दुसरं वाक्य 'मी काय म्हणते...' असं सुरू होतं. घरी करून बघितलं. तो म्हणाला, 'मला गोळी नकोय, डोकं जड होतं.' एरवी मी 'घे रे राजा, डॉक्टरांनी सांगितलंय ना' म्हटलं असतं. त्याऐवजी म्हटलं, 'गोळीनं डोकं जड होतं, म्हणून घ्यावीशी वाटत नाही.' आणि तोंड मिटलं. तोंड मिटणं हाच अवघड भाग. गोळी त्यानं त्या रात्री घेतली नाहीच; चमत्कार वगैरे काही होत नाही. पण सकाळी किती वाजेपर्यंत जड वाटतं, तेव्हा क्लासला कसं जाववत नाही, हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं. ते आमच्या पानावर चढलं, डॉक्टरांनी वेळ बदलून दिली.

औषधांचा तास मी परीक्षकाच्या नजरेनं ऐकला. ठीक होता. लिथियमवर, म्हणजे बायपोलरवरच्या एका औषधावर, असताना रक्त, मूत्रपिंड, थायरॉइड तपासत राहावं लागतं, घाम-जुलाबानं पाणी कमी झालं किंवा आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी घेतली तर रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, एवढं घरच्यांना माहीत हवंच. माझ्या काउंटरवर या दोन्ही डब्या एकाच पिशवीत मागणारे येतात. अमुक गोळी चांगली, तमुक डॉक्टरकडे जा, असं शिकवणारे सांगत नाहीत. विचारलं तरी नाही. हे मी मुद्दाम बघत होते, कारण नॅमीवर एक जुना डाग आहे. २००९ साली सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीत बाहेर आलं की २००६ ते २००८ या काळात संस्थेच्या देणग्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश पैसा, सुमारे दोन कोटी तीस लाख डॉलर, औषध कंपन्यांकडून आला होता. हे माहीत असूनच मी वर्गात बसले. कंपनीचं नाव छापलेलं पेनसुद्धा तिथे दिसलं नाही.

आता कमी कुठे पडतो ते. एक तर काही भाग अक्षरशः फाइलीतून वाचून दाखवतात. देशभर सगळीकडे तेच शिकवलं जावं म्हणून हे केलंय, कारण समजतं, पण दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला आठ वाजता डुलकी येते. दुसरं, सगळी मांडणी अमेरिकन घर डोळ्यांपुढे ठेवून केलेली. मूल कधी ना कधी वेगळं राहणार हे गृहीत. आमचा वेगळा राहणार की नाही, हा आमच्या घरात प्रश्नच नव्हता. तिसरं आणि मोठं म्हणजे नातेवाईक. 'एकदा नरसोबाच्या वाडीला नेऊन आणा', 'बाहेरचं काही नाही ना बघून घ्या', आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'दोनाचे चार हात करून टाका, जबाबदारी आली की आपोआप ताळ्यावर येईल'. वाडीला मी नेईनही, मला तिथे बरं वाटतं, आणि त्यानं गोळीशी भांडण होत नाही. पण लग्नाचं हे मी वर्गात मांडलं तेव्हा लोकांना अडचण कुठे आहे तेच कळेना. 'त्याला करायचं असेल तर करेल की!' झालं, विषय संपला.

ती उणीव नॅमी न्यू जर्सीच्याच 'समहाज' या दक्षिण आशियाई कुटुंबांसाठीच्या उपक्रमात भरून निघते. तिथे स्थळं, पत्रिका, गावाकडून येणारे फोन, यातलं काही पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही. मुलीकडच्यांना सांगायचं की नाही, यावर तिथे दोन काकूंची चांगली जुंपलेली मी पाहिली आहे. माझं मत विचाराल तर, सांगायचं, आणि तेही आधीच, याद्या करायच्या आधी. तर न्यू जर्सीतल्या लोकांनी दोन्ही करावं: शिकायला वर्ग, मन मोकळं करायला समहाज. शिवाय या राज्यात प्रत्येक काउंटीत इन्टेन्सिव्ह फॅमिली सपोर्ट सर्व्हिसेस असते, तीही घरच्यांसाठीच. ही माहितीही वर्गातच मिळाली.

पोलिसांचा विषय एका तासात होता. २०२२ च्या जुलैपासून ९८८ हा मानसिक संकटात मदत मागायचा तीन आकडी नंबर देशभर चालतो, हे बहुतेकांना माहीत होतं. ९११ लावायचीच वेळ आली तर पहिल्याच वाक्यात 'हा मानसिक आजाराचा प्रसंग आहे, शस्त्र नाही' हे सांगा आणि संकटप्रसंगाचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी मागा, हे मात्र मला नवं होतं. ती पद्धत १९८८ साली मेम्फिसमध्ये सुरू झाली, आदल्या वर्षी पोलिसांच्या गोळीनं एक आजारी माणूस मेला त्यानंतर, आणि ती आखताना नॅमीचे तिथले लोक सोबत होते. न्यू जर्सीत पोलिसाबरोबर मानसिक आरोग्याचा माणूस पाठवणारी अराइव्ह टुगेदर ही योजना २०२१ च्या अखेरीपासून आहे. सावळ्या रंगाचा सहा फुटी मुलगा घरात असलेल्या आईनं हा तास चुकवू नये.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: हा वर्ग तिथे नाही, पण घरच्यांनी घरच्यांना धरून राहण्याची परंपरा आहे. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केली. ते कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे. आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरावर मराठीत बोलता येतं. माझ्या मावसबहिणीला मी तोच दिला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या वाचून दाखवण्याचा कापला. मूल लहान असेल तर तुमच्यासाठी नॅमी बेसिक्स हा वेगळा वर्ग आहे, त्यात जा. आणि घरात याच आठवड्यात आग लागलेली असेल तर वर्गाची वाट बघू नका, शाखेच्या सपोर्ट ग्रुपला जाऊन बसा. वर्गासाठी डोकं थोडं थाऱ्यावर लागतं. वर्ग झूमवरही होतात. माझं ऐकाल तर प्रत्यक्ष जा, त्या आजी झूमवर भेटल्या नसत्या. नाव आधी द्यावं लागतं. आमच्या शाखेत फोनवर बोलून घेतात आणि मगच जागा देतात. नवरा-बायको दोघं जाणार असाल तर दोन फाइली मागा, एकीत दोघांना लिहिता येत नाही. हीटर फार चालवतात, आतला स्वेटर पातळ घाला.